नाव न घेता केलेली प्रार्थना

टुसॉन, ॲरिझोना
२४ जानेवारी १९८५

प्रिय वेल्मा आत्या,

तुझी गोधडी पोचली. वाळवंटात गोधडी कशाला, असं पोस्टातला माणूस हसत म्हणाला. त्याला काय सांगायचं! इथे जानेवारीत पहाटे दात वाजतात. निळ्या तुकड्यांत मला बाबांचा जुना शर्ट ओळखू आला आणि थोडं रडूही आलं.

सोमवारी राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी तू आणि अर्डिस मावशीने टीव्हीसमोर बसून, कॉफीचं भांडं रिकामं करत पाहिला असणार. आमची मंडळी त्या वेळी सरकारी इमारतीसमोर उभी राहून प्रार्थना करत होती. हो, प्रार्थनाच. तू मोर्चा म्हणशील, म्हणून आधीच सांगते. घोषणा नव्हत्या. दोन-चार पाट्या होत्या.

एक विचारायचं आहे. माझी एक मैत्रीण आणि तिची सहा वर्षांची मुलगी मार्चमध्ये उत्तरेला निघताहेत, कॅनडात नातेवाइकांकडे. वाटेत नेब्रास्का लागतं. तुझ्या वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या असतात. आठवडाभर टेकायला मिळालं तर फार बरं होईल. मैत्रीण विश्वासणारी आहे, कामसू आहे. फक्त फार गाजावाजा करू नकोस. ती जरा लाजाळू आहे.

तुझी,
लॉइस


हार्लन क्रीक, नेब्रास्का
२ फेब्रुवारी १९८५

लॉइस,

लाजाळू मैत्रिणीला नाव नसतं काय? तू सात वर्षांची असताना माझी काचेची फुलदाणी फोडलीस आणि मला म्हणालीस, मांजराने फोडली, पण ते लाजाळू आहे म्हणून बोलत नाही. तेव्हापासून तुझ्या तोंडी हा शब्द आला की मी आधी काय फुटलंय ते शोधते.

पोरी, वर्तमानपत्र आमच्याकडेही येतं. तुमच्यासारखी चर्चं सीमेवरून चोरून आलेल्या लोकांना तळघरात ठेवतात आणि घराघरांतून कॅनडापर्यंत पोचवतात, हे मी वाचलंय. तुझी मैत्रीण त्यातलीच ना? खरं बोल.

माझं उत्तर नाही असं आहे. मी आयुष्यात कायदा मोडलेला नाही. तुझ्या काकांनी एकदा वेगात ट्रक हाणला म्हणून दंड झाला, तर मी त्यांच्याशी रविवारपर्यंत बोलले नव्हते. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं हे शास्त्रात स्वच्छ आहे. कुणाला ठेवायचं, कुणाला परत पाठवायचं, हे सरकार बघेल. चर्च आत्मे वाचवायला असतं, राजकारण करायला नव्हे. तुझ्या वडिलांनी जन्मात डेमोक्रॅटांना मत दिलं नाही. तू काय करतेस ते मी विचारत नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

गोधडी आवडली हे वाचून बरं वाटलं. धुताना गार पाणी वापर.

वेल्मा आत्या


टुसॉन
९ फेब्रुवारी १९८५

प्रिय आत्या,

मांजर मी होते. फुलदाणीही मीच फोडली. आता खरं सांगते.

तिचं नाव एल्विरा. मुलगी निदिया. एल साल्वादोरच्या एका खेड्यातल्या आहेत. एल्विराचा नवरा तिथल्या लहानशा चर्चचा पाळक होता. आपल्यासारखंच चर्च, आत्या. तीच गीतं, फक्त स्पॅनिशमध्ये. तोच बाप्तिस्मा, नदीत बुडवून. गावातली माणसं सैनिक उचलून न्यायचे आणि ती परत यायची नाहीत. हा माणूस दर रविवारी व्यासपीठावरून त्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना करायचा. भाषण नाही, टीका नाही, नुसती नावं. एका बुधवारच्या प्रार्थनासभेतून त्याला नेलं. तो कुठे सापडला आणि कसा, हे मी लिहिणार नाही. एल्विराने ते पाहिलंय. पुढचं नाव तिचं होतं.

सरकार म्हणतं, हे लोक पोटासाठी आलेत. आश्रयाचे अर्ज हजारांनी येतात आणि बहुतेक फेटाळले जातात, कारण तिथल्या सैन्याला बंदुका आपलंच सरकार देतं. मग त्यांच्यापासून पळून आलेल्यांना खरं कसं म्हणायचं? एल्विराला परत पाठवलं तर विमानतळावर तिची वाट बघणारे तेच लोक असतील.

आणि राजकारणाचं म्हणतेस, तर नोव्हेंबरात तुमच्या पाळकांनी उपासनेनंतर दारात उभं राहून कुणाला मत द्यावं याची पत्रकं वाटली, ते तूच मला कौतुकाने लिहिलं होतंस. ते काय होतं मग?

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

लॉइस


हार्लन क्रीक
२० फेब्रुवारी १९८५

लॉइस,

रागावले होते. आधी तुझ्यावर, मग रविवारी आमच्या पाळकांवर.

कॉफीच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि नोव्हेंबरातल्या पत्रकांचं विचारलं. ते म्हणाले, वेल्माबाई, ते राजकारण नव्हतं, तो नीतीचा प्रश्न होता. मी म्हटलं, मग नवरा मारला गेलेल्या एखाद्या बाईला दार उघडायचं की नाही, हा कसला प्रश्न? त्यांनी कपात साखर घातली, ढवळली, आणि म्हणाले, मी याविषयी प्रार्थना करून सांगतो. आमच्याकडे प्रार्थना करून सांगतो म्हणजे नाही, हे तुला ठाऊकच आहे. मीही आयुष्यभर नको त्या आमंत्रणांना हेच उत्तर दिलंय.

मला तुझं सगळं पटलेलं नाही. आपलं सरकार असं करत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. पण तू लिहिलंस ते मनातून जाईना. भांडी घासताना, संडे स्कूलचा धडा काढताना, तो व्यासपीठावर नावं घेणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्याकडे पाळक नावं घेतात ती गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांची.

पाठव त्या दोघींना. मी कायद्याविरुद्ध काही करत नाहीये. माझ्याकडे पाहुणे येताहेत, आणि माझ्या पाहुण्यांना मी कागदपत्रं विचारत नाही.

वेल्मा आत्या

ता. क. मुलगी काय खाते?


टुसॉन
४ मार्च १९८५

प्रिय आत्या,

देव तुझं भलं करो. मी पत्र वाचून स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

आता नीट वाच. त्या बारा-तेरा तारखेला पोचतील. कोण आणून सोडेल ते मी तुला सांगणार नाही, तूही त्याचं नाव विचारू नकोस. आठवड्याने दुसरी गाडी न्यायला येईल. मला फोन करू नकोस. आमच्या अभ्यासवर्गात दोन नवे चेहरे यायला लागलेत, फार गोड बोलतात आणि फार प्रश्न विचारतात. फोनवर मध्येच खुडखुड ऐकू येते.

आणि कुणाला सांगू नकोस. पाळकांना विचारलंस तेवढं पुरे. आता ते नाही, अर्डिस मावशी नाही, कुणी म्हणजे कुणी नाही. पकडल्या गेल्या तर त्यांना परत पाठवतील, आणि परत पाठवणं म्हणजे काय ते तुला लिहिलंय.

निदिया सगळं खाते. फक्त झोपताना दिवा लागतो.

लॉइस


हार्लन क्रीक
१९ मार्च १९८५

प्रिय लॉइस,

आल्या त्या, सुखरूप. तुझी एल्विरा म्हणजे हाताएवढी बाई, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर माझ्या स्वयंपाकघराची फरशी लख्ख! मी ओरडले, ती हसली. तिला माझं कळत नाही, मला तिचं कळत नाही, आणि आमची बडबड दिवसभर चालू असते. मक्याच्या राशींवर बसलेलं हे गाव, पण तिला हवं तसं मक्याचं पीठ इथे मिळत नाही. आपला मका गुरांचा, असं मी तिला गाय होऊन सांगितलं. निदिया हसून हसून खुर्चीवरून पडली.

संध्याकाळी मी पियानोवर गीत वाजवलं आणि एल्विरा मागून तिच्या भाषेत गायला लागली. सगळी कडवी. मला शेवटचं कडवं कधीच पाठ नसतं, तिला होतं.

मग शुक्रवारी निदियाला ताप भरला. साधा नव्हे, फणफणून. बर्फाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, उतरेना. पोर डोळे फिरवायला लागली. डॉक्टरला बोलवावं तर तो पहिलं नाव-गाव विचारणार. एल्विरा माझा हात धरून काहीतरी सांगत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मला सुचेना, लॉइस. मग जे वीस वर्षं करत आले तेच केलं. प्रार्थनेची साखळी सुरू केली.

घाबरू नकोस. नाव घेतलं नाही, देश सांगितला नाही. पहिला फोन अर्डिसला केला आणि एवढंच म्हटलं: माझ्या छपराखाली एक आई आहे आणि तापाने फणफणलेलं तिचं लेकरू. उत्तरेच्या वाटेवर आहेत. जास्त विचारू नका, प्रार्थना करा. अर्डिसने पुढच्या दोघींना, त्यांनी पुढच्या दोघींना. तासाभरात अख्खी मंडळी गुडघ्यावर. आणि एकीनेही उलट प्रश्न केला नाही. आमच्या बायका किती घट्ट तोंडाच्या आहेत ते बघ.

सकाळी ताप उतरला. पोरीने दोन अंडी खाल्ली. आता सांग, प्रभू ऐकत नाही का?

गाडी दोन दिवस उशिरा आली तरी चालेल. अशक्तपणा आहे अजून.

तुझी,
वेल्मा आत्या


टुसॉन
२२ मार्च १९८५
एक्सप्रेस टपालाने

आत्या,

काय केलंस हे!

उत्तरेच्या वाटेवर, माझ्या छपराखाली! आणखी काय सांगायचं राहिलं होतं? चाळीस घरांत गेलं ते. चाळीस घरांतल्या नवऱ्यांना, दिरांना, जावयांना कळलं असेल. फोन करायचा नाही असं ठरलं असूनही मी सकाळपासून करतेय, नुसता वाजतोय. तू चर्चमध्ये असशील.

त्यांना आजच्या आज हलव. कुठेही. गाडीची वाट बघू नकोस.

तिच्या नवऱ्यालाही प्रार्थनेनेच नेलं होतं, आत्या.

लॉइस


हार्लन क्रीक
३० मार्च १९८५

लॉइस,

तुझं पत्र आलं तेव्हा त्या गेल्या होत्या.

बावीस तारखेला, शुक्रवारी सकाळी मी दुकानात गेले होते, निदियासाठी बूट आणायला. परत आले तर अंगणात दोन गाड्या. एक इमिग्रेशनच्या माणसांची आणि दुसरी डेलची. डेल म्हणजे आता इथला डेप्युटी शेरीफ. माझ्या संडे स्कूलच्या वर्गात चार वर्षं होता, वचनं पाठ करायचा आणि गोळ्या मिळवायचा. टोपी काढून पायरीवर उभा होता. म्हणाला, बाई, मला येताना कळलं कुठे जायचंय ते. आधी कळलं असतं तर...

एल्विरा मुलीची वेणी घालत होती. त्या माणसांनी तिला वेणी पुरी करू दिली, एवढं त्यांच्या बाजूने लिहिते. तिने आरडाओरडा केला नाही. जाताना माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल का, की मीच बोलावलं त्यांना? तिला समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. बूट माझ्या हातातच राहिले. डेलने ते घेतले आणि गाडीत पोरीच्या पायांत घातले.

अर्डिस येऊन गेली. दारातच रडायला लागली. तिच्या नवऱ्याचा पुतण्या ओमाहाला सरकारी नोकरीत आहे, त्याला आपल्या साखळीत तिनेच घेतलं होतं. ती म्हणाली, वेल्मा, मी त्याला फक्त प्रार्थना कर म्हटलं होतं. मीही तिला तेवढंच म्हटलं होतं.

तू लिहिलंस ते शेवटचं वाक्य मी वाचलं. तुला ते लिहिल्याचा पश्चात्ताप झाला असेल तर होऊ देऊ नकोस. खरं आहे ते. मला जेवण जात नाही.

सोमवारी सरकारी समन्स आलंय. एप्रिलच्या शेवटी लिंकनला, खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या ज्युरीपुढे, हजर व्हायचंय. त्या मायलेकींना तुमच्याकडे कुणी पाठवलं, हे विचारणार आहेत.

वेल्मा आत्या


टुसॉन
५ एप्रिल १९८५

प्रिय आत्या,

झाला पश्चात्ताप. पत्र पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी झाला. जेव, प्लीज. मी ज्या संकटात तुला ढकललं त्याची कल्पना तुला नीट दिली नव्हती. चूक माझीही आहे.

आता समन्सचं. आमच्या मंडळीची परवा बैठक झाली. वकील होते, तीन चर्चचे पाळक होते. एकमताने ठरलं की आमच्यापैकी कुणीही सरकारी ज्युरीपुढे तोंड उघडायचं नाही. देवाच्या कामाची चौकशी करायला आपण सरकारला मदत करायची नाही. तूही तेच कर. आत जा आणि गप्प बस. फार तर कोर्टाचा अवमान म्हणून थोडे दिवस आत ठेवतील, पण तुझ्या वयाच्या बाईला ठेवायला न्यायाधीश कचरतील. तू बोलली नाहीस तर माझ्याविरुद्ध त्यांच्याकडे काही नाही. एल्विराही माझं नाव घेणार नाही, मला खात्री आहे.

तिच्या अर्जाचं काम आमचे वकील बघताहेत. वेळ आहे.

धीर धर. शांत राहणं हीसुद्धा साक्ष आहे.

तुझी,
लॉइस


हार्लन क्रीक
१३ एप्रिल १९८५

लॉइस,

वेळ नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. एल्विराची सुनावणी बुधवारी झाली. मी गेले होते. टोपी निवडायला मला त्याहून जास्त वेळ लागतो. अर्ज नामंजूर. तीस तारखेला विमान आहे, दोघींचं. तुमचे वकील फोनवर म्हणाले, अपील करू. ते कागद फिरेपर्यंत पोर त्या विमानतळावर उतरलेली असेल.

नंतर डेल मला घरी सोडायला आला. वाटेत गाडी थांबवली आणि म्हणाला, बाई, मी हे तुम्हाला सांगितलं असं कुठे बोलू नका. एखाद्या खटल्यात साक्षीदार लागणार असेल, तर खटला संपेपर्यंत त्या माणसाला देशाबाहेर काढत नाहीत. खटले वर्ष वर्ष चालतात. पण त्यासाठी आधी आरोपी पाहिजे, आणि त्यांना तुम्ही नको आहात, पाठवणारा हवाय. ज्युरीपुढे कुणाचं नाव आलं, तर एल्विरा त्या खटल्यातली पहिली साक्षीदार. नाव आलं नाही, तर खटलाच नाही.

मी तुमच्या वकिलांना परत फोन केला. विचारलं, हा पोरगा बोलतोय ते खरं का? ते म्हणाले, खरं आहे, पण आमचं धोरण वेगळं ठरलंय.

धोरण! आमच्या पाळकांचंही नोव्हेंबरात धोरण होतं.

तुम्ही बैठक घेतलीत, एकमताने ठरवलंत. त्या बैठकीत एल्विराला कुणी विचारलं? मी विचारलं. शाळेतल्या स्पॅनिशच्या बाईंना घेऊन कोठडीत गेले. आधी तिला सांगितलं की चूक माझी झाली, माझ्या प्रार्थनेमुळे झालं. तिने माझा हात धरला. म्हणाली, मला कळलं होतं. मग डेलने सांगितलेलं सांगितलं. ती म्हणाली, लॉइसचं नाव माझ्या तोंडून येणार नाही, तिने मला घर दिलं. आणि हे बोलताना मुलीला अशी घट्ट धरून बसली होती की पोर कुरकुरली.

म्हणजे तीही गप्प, तूही गप्प, मीही गप्प. आणि या सगळ्या मोठ्या माणसांच्या गप्प बसण्याची किंमत मोजणार ती सहा वर्षांची पोर.

मला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. तुरुंगाची मला भीती नाही. मी अडुसष्ट वर्षांची आहे, तिथेही कुणीतरी मला चहा विचारेलच. पण मी बोलले तर तुरुंगात जाशील तू. पाच वर्षं, असं डेल म्हणाला. तुझी आई गेल्यावर मी तुला या घरात वाढवलं. आज तुझ्या पाठीमागे तुझं नाव कसं देऊ? आणि न देता त्या दोघींना विमानात बसताना कशी बघू?

एकोणतीस तारखेला मला आत बोलावणार. त्याआधी उत्तर पाठव. हो किंवा नाही. लांबलचक पत्र नको. मी साखळीला काही सांगितलेलं नाही. हे आपल्या दोघींतलं आहे.

आत्या


टुसॉन
२३ एप्रिल १९८५

प्रिय आत्या,

लांबलचक नको म्हणालीस. पण एवढं ऐकून घे.

तुझं पत्र आल्यावर मी दोन उत्तरं लिहून फाडली. दोन्हींत उत्तर नाही असंच होतं, आणि दोन्हींत त्याची कारणं फार सुंदर होती. चळवळ, तत्त्व, सरकारच्या हातचं बाहुलं होऊ नये, वगैरे. वाचताना मलाच पटत होती. मग मी ती मंडळीत बोलून दाखवली आणि अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. बाकीचे जमिनीकडे बघत होते. आमच्यातली एक म्हातारी बाई, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, लॉइस, तू इथे एल्विरासाठी आलीस की स्वतःसाठी?

मला भीती वाटते, आत्या. सरकारी इमारतीसमोर पाटी धरून उभी होते तेव्हा अजिबात वाटली नव्हती. तिथून संध्याकाळी घरी येता येत होतं.

सांग.

माझं नाव सांग, पत्ता सांग, मी पाठवलं असं सांग. गाडी चालवणाऱ्यांची नावं तुला माहीत नाहीत, ती मी मुद्दाम सांगितली नव्हती. एक मात्र कर. तुझ्यावर खटला भरणार नाही असा कागद सरकारी वकील देईल. त्यावर त्याची आणि तुझी सही झाल्याशिवाय तोंड उघडू नकोस. तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

तुझी,
लॉइस


हार्लन क्रीक
२ मे १९८५

माझ्या लॉइस,

हे पत्र तुला तुझ्या वकिलाच्या हातून मिळेल असं डेल म्हणतो. तुला मंगळवारी नेलं ते कळलं. जेवायला काय देतात? गोधडी आत नेऊ देतात का? विचार.

आधी चांगलं सांगते. विमान गेलं, एल्विरा आणि निदियाशिवाय. खटला संपेपर्यंत त्यांना इथेच राहायला परवानगी मिळाली, पण जबाबदार घर हवं, आणि माझं आता चालत नाही. का ते खाली येईल. अर्डिसने तिचं दिलं. नवऱ्याला म्हणाली, तुझा पुतण्या आपल्या तोंडाला काळं फासून गेलाय, आता माझ्या घरात मी सांगेन ते. आमचे पाळक अजून प्रार्थना करताहेत.

आता लिंकनचं. बंद खोली, न्यायाधीश नाही, नुसते ज्युरीवाले. बियाणं विकणारे, शिक्षक, एक माझ्याच वयाची बाई विणकाम घेऊन आलेली. सरकारी वकील तरुण पोरगा, कॉलर त्याला दोन माप मोठी. गोड होता. आत जायच्या आधी त्याने तो कागद पुढे केला. म्हणाला, यावर सही करा, वेल्माबाई, मग तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही फक्त त्या दोघींना कुणी पाठवलं ते सांगायचं.

मी कागद वाचला. तुझं पत्र पर्समध्ये होतं, तेही आठवलं. लॉइस, मी तुझं ऐकलं नाही. सही न करता कागद परत दिला. त्याला वाटलं मी गप्प बसणार, चेहरा पडला त्याचा.

मग आत गेले आणि सगळं सांगितलं. तुझं नाव सांगितलं. मग पाणी मागितलं, आणि परत सांगितलं. तुझा पत्ता सांगितला. पत्रं आली ते सांगितलं. ती विणकामवाली बाई विणायची थांबली.

त्याने विचारलं, हे बेकायदा आहे हे तुमच्या भाचीला ठाऊक होतं? मी म्हटलं, होतं. मग मायेने म्हणाला, म्हणजे तिने तुम्हाला अंधारात ठेवून, तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतला, असं म्हणता येईल ना? कसा सोपा रस्ता काढून दिला होता बघ त्याने. मी म्हटलं, तिने प्रयत्न केला होता, पण लहानपणापासून तिला ते जमत नाही. एक बियाणंवाला हसला. मी म्हटलं, मला सगळं ठाऊक होतं. दार मी उघडलं, पलंग मी घातला, गाडी आली तेव्हा पोरीला उचलून वर मी नेलं. उद्या दुसरी कुणी आली तर तिलाही नेईन. तेव्हा तुम्ही लॉइसचं नाव लिहिलंत ना, त्याच्याखाली माझं लिहा.

तो म्हणाला, बाई, तुम्ही साक्षीदार आहात, आरोपी नाही. मी म्हटलं, त्या पोरीला मी वाढवलं. तिला आत पाठवून मी साक्षीदार म्हणून घरी जाऊ, आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन घेऊ? लिहा.

तो लिहीना. मी पूर्ण नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, वय सांगितलं. शेवटी विणकामवाली बाई त्याला म्हणाली, अरे, लिही ना. मग लिहिलं.

तुझी,
वेल्मा आत्या